विश्लेषण : मोबाइल बंद पडल्यावर ‘हॅम रेडिओ’ कसा उपयोगी पडतो?

पूर, भूकंप, दरड. प्रत्येक मोठ्या आपत्तीत पहिल्या काही तासांत मोबाइल मुका होतो आणि हौशी रेडिओ चालकांची आठवण होते. एरवी ही मंडळी नेमके करतात काय, आणि ऐन वेळी त्यांचा उपयोग कसा होतो?

२६ डिसेंबर २००४ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास अंदमान हादरले, तेव्हा भारती प्रसाद पोर्ट ब्लेअरमध्येच होत्या. हैदराबादच्या ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅमॅच्युअर रेडिओ’ या संस्थेच्या पथकासोबत त्या महिन्याच्या सुरुवातीला तेथे गेल्या होत्या. काम काय, तर जगभरच्या हौशी रेडिओ चालकांशी बोलायचे. १९८७ नंतर अंदमानातून एकही हौशी केंद्र बोललेले नव्हते. त्यामुळे ‘अंदमानशी संपर्क झाला’ अशी नोंद आपल्या वहीत पडावी म्हणून परदेशातील छंदिष्ट अक्षरशः रांग लावून होते. दुर्मीळ टपाल तिकिटामागे संग्राहक जसा लागतो, तसाच हा प्रकार. बाहेरच्या माणसाला तो थोडा वेडेपणाच वाटेल.

भूकंपामागोमाग त्सुनामी आली. दूरध्वनी कोलमडले. छंदासाठी नेलेला तोच संच मग मुख्य भूमीशी बोलू लागला. अडकलेल्या पर्यटकांची खुशाली, नातेवाईकांची चौकशी, प्रशासनाचे निरोप असे सारे त्यावरून जाऊ लागले. पुढे कार निकोबारवरही हौशी केंद्र उभे राहिले. पथकातील कोणीही आपत्तीसेवेसाठी अंदमानला गेले नव्हते, हे यात विसरता येत नाही.

हौशी म्हणजे नेमके कोण?

‘हॅम’ म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओ चालक. आंतरराष्ट्रीय करारांनुसार त्यांच्यासाठी काही लहरपट्टे राखून ठेवलेले असतात. त्यावर पैसे कमावता येत नाहीत, व्यापारी निरोप देता येत नाहीत, गाणी वाजवता येत नाहीत आणि बोलणे गुप्त ठेवण्यासाठी सांकेतिक भाषाही वापरता येत नाही. जे बोलायचे ते कोणालाही ऐकू येईल असे. प्रत्येकाला स्वतंत्र कॉलसाइन मिळते. भारतीय कॉलसाइन बहुधा ‘व्हीयू’ने सुरू होते. माजी पंतप्रधान राजीव गांधी हेही हॅम होते. त्यांची कॉलसाइन होती ‘व्हीयू टू आरजी’.

मोबाइल पडतो, मग हा कसा चालतो?

मोबाइलवरून शेजारच्या इमारतीत फोन केला, तरी तो थेट तेथे जात नाही. हँडसेटकडून टॉवरकडे, टॉवरकडून केबलने किंवा मायक्रोवेव्हने कंपनीच्या यंत्रणेकडे आणि तेथून पुन्हा टॉवरमार्गे खाली असा त्याचा प्रवास असतो. साखळीतील एक कडी तुटली की सारे बंद. टॉवरची बॅटरी काही तास चालते, मग डिझेल लागते आणि पुरात डिझेलची गाडी पोहोचत नाही. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले, तेव्हा वीज आणि मोबाइल दोन्ही गेले. छपरावर अडकलेल्यांना बाहेर काही कळवणेच कठीण झाले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईकरांनीही हाच अनुभव घेतला.

हॅमच्या दोन केंद्रांमध्ये अशी साखळी नसते. इकडे एक संच, तिकडे एक संच. १०० वॉटचा संच मोटारीच्या बॅटरीवर चालतो. अँटेना म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी साधारण २० मीटर तार, मधोमध कापून केबलला जोडलेली. दोन झाडांमध्ये कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी बांधली की झाले.

खरी गंमत वातावरणात आहे. हातातील वॉकीटॉकीसारखे छोटे संच १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर चालतात. त्यांच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात, त्यामुळे मध्ये डोंगर आला की संपले. म्हणून उंच माथ्यावर ‘रिपीटर’ बसवतात. तो खालून आलेला आवाज उचलून दूरवर फेकतो. ७ मेगाहर्ट्झच्या लहरी मात्र आकाशात जातात आणि २०० ते ४०० किलोमीटर उंचीवरील आयनांच्या थरांवरून परत खाली येतात. अँटेना मुद्दाम जमिनीपासून कमी उंचीवर बांधली, तर लहरी जवळजवळ उभ्या वर जातात आणि भोवतालच्या तीन-चारशे किलोमीटरच्या प्रदेशात उतरतात. सह्याद्रीसाठी ही युक्ती फारच उपयोगाची. महाडहून पुण्याशी बोलायचे तर मधला घाट फोडत बसायचे कारण नाही, त्याच्या डोक्यावरून जायचे.

अर्थात हे हमखास नसते. दिवसा जवळचा संपर्क चांगला जमतो. रात्री तीच लहर दूरदेशी जाऊन पडते आणि शेजारचा जिल्हा ऐकू येईनासा होतो. मग खालचा पट्टा निवडावा लागतो. कोणत्या वेळी कोणता पट्टा उघडा असतो, याचे गणित अ‍ॅपवर मिळते, पण ज्याने वर्षानुवर्षे कान लावले आहेत त्याचा अंदाज अधिक पक्का असतो.

यंत्र सोपे, मग अवघड काय?

शिस्त. एका लहरीवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. दहा जण एकदम बोलले तर कोणाचेच कळत नाही. म्हणून आपत्तीत ‘नेट’ चालवतात. एक नियंत्रक केंद्र असते आणि बाकीच्यांनी त्याने बोलावल्यावरच बोलायचे. जीव वाचवण्याचा निरोप आधी, खुशालीचा नंतर. औषधाचे नाव एकेक अक्षर फोडून सांगायचे, आकडा दोनदा उच्चारायचा, ऐकणाऱ्याने तो परत वाचून दाखवायचा आणि वेळ वहीत लिहायची. रुग्णालयाला ५० बाटल्या हव्यात की १५, हे खरखरीत आवाजात चुकू नये म्हणून हा सारा खटाटोप.

ही सवय आपत्तीच्या दिवशी लागत नाही. रोज सकाळी ७ मेगाहर्ट्झवर जमणाऱ्या मंडळींच्या गप्पा ऐकल्या, तर विषय साधेच असतात. हवा कशी आहे, नवी अँटेना कशी चालते, तुझा आवाज किती स्वच्छ येतो. पण बोलणे मात्र त्याच पद्धतीने चालते. कॉलसाइन सांगायची, थांबायचे, ऐकायचे, मग बोलायचे. सरकारी यंत्रणा उपग्रह फोन विकत घेऊ शकते. मात्र रोज तासभर विनामोबदला सराव करणारी माणसे कोठेच विकत मिळत नाहीत. या छंदाकडे ‘म्हाताऱ्यांचा विरंगुळा’ म्हणून पाहणे त्यामुळेच महागात पडू शकते.

किल्लारीचा १९९३ चा भूकंप असो वा २००१ चा भूजचा, हॅम मंडळी आपापले संच घेऊन पोहोचली होती. ३० जुलै २०२४ रोजी वायनाडमध्ये दरडी कोसळल्या, तेव्हाही कलपेट्ट्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात हॅम केंद्र सुरू झाले आणि दुर्घटनास्थळाकडून निरोप येऊ लागले.

आपत्ती नसतानाही सेवा?

पश्चिम बंगालमधील ‘वेस्ट बेंगॉल रेडिओ क्लब’चे काम याचे ठळक उदाहरण. मकरसंक्रांतीला सागर बेटावर गंगासागर मेळा भरतो, लाखो यात्रेकरू येतात आणि त्यात माणसे हरवतात. अनेकदा वृद्ध, भाषा न कळणारी, कधी मानसिक आजार असलेली. क्लबचे स्वयंसेवक अशांचा घरचा पत्ता शोधतात. हाती असते काय, तर अर्धवट उच्चारलेले गावाचे नाव आणि बोलीचा एक सूर. तेवढ्यावरून अंदाज बांधून त्या राज्यातील हॅमला निरोप जातो. तो पोलीस ठाणे, सरपंच, दुकानदार यांच्याकडे चौकशी करतो आणि छायाचित्र ओळखणारे कोणी तरी सापडते. आता यातील बराचसा भाग व्हॉट्सअ‍ॅपवर होतो. रेडिओ शुद्धतावाद्यांना ते खटकेलही, पण कामाला येते ते लहरीवर जुळलेले ओळखीचे जाळेच.

परवाना कसा मिळतो?

वयाची १२ वर्षे पूर्ण झालेल्या भारतीय नागरिकाला दूरसंचार विभागाची परीक्षा देता येते. अर्ज ‘सरल संचार’ या संकेतस्थळावर करायचा. परीक्षेत प्राथमिक इलेक्ट्रॉनिक्स आणि रेडिओचे नियम विचारतात. ‘रिस्ट्रिक्टेड’ श्रेणीला मोर्स संकेत लागत नाहीत, ‘जनरल’ला लागतात. अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. विज्ञानाची आवड असलेल्या दहावीच्या मुलाला हा अभ्यास जड जाऊ नये. उत्तीर्ण झाल्यावर सुरक्षाविषयक पडताळणी होते आणि तिला वेळ लागतो. नव्या उमेदवारांची तक्रार बहुतेक याच टप्प्याबद्दल असते. दुसरी तक्रार गच्चीची. गृहनिर्माण सोसायटीकडून अँटेनासाठी होकार मिळवणे काहींना परीक्षेपेक्षा कठीण जाते. रेडिएशनची भीती हे नेहमीचे कारण, जरी त्याच गच्चीवर भाड्याने दिलेला मोबाइल टॉवर उभा असला तरी.

ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त वॉकीटॉकींचे काय?

येथे सावध राहायला हवे. दोन-तीन हजारांत मिळणारे अनेक संच पोलीस आणि आपत्कालीन सेवांच्या लहरींवरही बोलू शकतात. ते परवान्याशिवाय वापरणे बेकायदा आहे. लहरींची माहिती आणि आवश्यक मंजुरी यांचा उल्लेख न करता असे संच विकल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये ई-कॉमर्स कंपन्यांना १३ नोटिसा बजावल्या. ट्रेकसाठी संच हवा असेल, तर ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या परवानामुक्त पट्ट्यातील कमी शक्तीचा मंजूर संच पाहावा. इतर कोणत्याही लहरीवर बोलायचे असेल, तर आधी परवाना आणि मग खरेदी, हा क्रम पाळावा लागतो.