हेलिकॉप्टरची पाठवणी

२७ जुलै २०१९ रोजी गाझियाबादजवळच्या हिंडन हवाई तळावर एएन-१२४ जातीचं एक अवाढव्य मालवाहू विमान उतरलं. भारतीय हवाई दलासाठी घेतलेल्या बावीस अपाचे हेलिकॉप्टरांपैकी पहिली चार त्याच्या पोटात होती. लढाईसाठी बनलेली ही यंत्रं अमेरिकेहून आली ती पाती उतरवून, साखळ्यांनी जखडून. पुढे ३ सप्टेंबरला पठाणकोटला आठ अपाचे हवाई दलात दाखल झाली. त्या समारंभाची छायाचित्रं सगळ्या वर्तमानपत्रांत आली. पण त्याआधी ज्या हातांनी ती उतरवली, जोडली आणि उडण्याजोगी केली, त्यांच्या कसबाबद्दल फारसं कुणी लिहिलं नाही. ते कसब समजून घ्यावं असं आहे.

पहिला प्रश्न कुणालाही पडेल: जे स्वतः उडू शकतं, त्याला दुसऱ्या विमानात कशाला घालायचं?

उत्तर अंतरात आहे. अपाचेची स्वतःच्या टाकीवरची मजल साधारण पावणेपाचशे किलोमीटरची. जादा टाक्या लावल्या तरी ती दोन हजारांच्या आतच राहते. ते बनतं अमेरिकेत, ॲरिझोना राज्यातल्या मेसा इथे. तिथून हिंडनपर्यंत यायचं तर मध्ये समुद्र आहेत, वाळवंटं आहेत आणि अनेक देशांच्या परवानग्या आहेत. शिवाय हेलिकॉप्टरचं आयुष्य वर्षांबरोबर तासांतही मोजतात. गिअरबॉक्स, पाती, पंख्याच्या दांड्याचे भाग, प्रत्येकाला ठरावीक तास दिलेले असतात आणि ते संपले की भाग बदलावाच लागतो. नुसतं पोचण्यात एवढे तास घालवणं कुठल्याच दलाला परवडत नाही. जवळचा पल्ला असेल तर गोष्ट वेगळी. एप्रिल २०१५ मध्ये नेपाळला भूकंप झाला तेव्हा आपली एमआय-१७ हेलिकॉप्टरं स्वतः उडत तिथे गेली.

दुसरी गोष्ट थोडी अनपेक्षित आहे. हेलिकॉप्टर नेताना अडचण वजनाची नसते, जागेची असते. रिकामं अपाचे जेमतेम पाच-साडेपाच टनांचं. एएन-१२४, म्हणजे ‘रुसलान’, सव्वाशे टनांच्या आसपास माल उचलतं. वजनाच्या हिशेबाने वीस अपाचे सहज जावीत, पण हिंडनला आली ती चार. कारण अपाचेच्या पंख्याचा व्यास साडेचौदा मीटरहून जास्त आहे, तर रुसलानचा मालकक्ष साडेछत्तीस मीटर लांब असला तरी रुंदीला सहा मीटर चाळीस सेंटिमीटर आणि उंचीला सुमारे चार मीटर चाळीस सेंटिमीटरच आहे. आपल्या हवाई दलाच्या सी-१७ विमानाची रुंदी साडेपाच मीटर. जुन्या आयएल-७६ची उंची तर साडेतीन मीटरही भरत नाही. एमआय-१७ पंख्याच्या माथ्यापर्यंत मोजलं तर पावणेपाच मीटर भरतं. म्हणजे पाती काढून भागत नाही, वरचा सगळा डोलारा उतरवावा लागतो.

त्यामुळे या प्रवासाची सुरुवात खोलण्यापासून होते. आधी इंधन काढून ठरलेल्या पातळीवर आणतात. बॅटरीची जोडणी सोडवतात. मग क्रेनच्या आधाराने एकेक पातं उतरतं आणि स्वतःच्या चौकटीत किंवा पेटीत जातं. कुठलं पातं पंख्याच्या कुठल्या भुजेवरचं, याची खूण आधीच केलेली असते, कारण परत लावताना ते त्याच जागी जायला हवं. काही हेलिकॉप्टरांची पाती न काढता मागे दुमडता येतात. नौदलाच्या हेलिकॉप्टरांत ही सोय मुळातच असते, कारण जहाजावर जागा कमी. अपाचेच्या माथ्यावर रडारचा गोल घुमट असेल तर तोही उतरवतात. काढलेला प्रत्येक बोल्ट, प्रत्येक वॉशर चिठ्ठी लावलेल्या पिशवीत जातो आणि नोंदवहीत चढतो. हे काम घाईने करून चालत नाही. इथे हरवलेला एक वॉशर तिकडे पोचल्यावर आख्खं हेलिकॉप्टर अडवून ठेवू शकतो.

मग चढवणं. रुसलान पुढून आणि मागून, दोन्हीकडून उघडतं. माल घ्यायचा असला की त्याचं नाक वर उचललं जातं, पुढचे आधार जमिनीला टेकतात आणि ओझं घ्यायला उंट बसावा तसं ते पुढून खाली बसतं. त्यामुळे उताराचा कोन कमी होतो. हा कोन फार महत्त्वाचा. हेलिकॉप्टरच्या पोटाखाली अँटेना आणि सेन्सर असतात, शेपटी लांब असते. उतार संपून सपाट जमीन सुरू होते त्या कंगोऱ्यावर पोट घासण्याची भीती, आणि पुढची चाकं वर चढली की शेपटी खाली टेकण्याची. म्हणून उताराच्या तोंडाशी लाकडी फळ्या रचून चढ आणखी सौम्य करतात. आतून विंचची तार खेचत असते, एक जण टो-बार धरून दिशा देतो, दोन्ही बाजूंना माणसं अंतरावर नजर ठेवून चालतात, चाकांमागे ठोकळे घेऊन माणसं तयार असतात. सगळ्यांचे डोळे एका माणसाच्या हाताकडे लागलेले असतात. तो लोडमास्टर. त्याने मूठ वळली की सगळं जागच्या जागी थांबतं. भिंतीपासून वीतभर अंतर उरलं असताना पाच टनांचं यंत्र बोटाबोटाने पुढे सरकवायचं असतं. इथे आरडाओरडा चालत नाही, खुणांवरच काम होतं.

आत गेल्यावर बांधणी. अमेरिकी लष्करी मालवाहतुकीचा नियम असा आहे की माल पुढच्या दिशेने स्वतःच्या वजनाच्या तिप्पट ओढ सहन करेल असा बांधला पाहिजे. वरच्या दिशेने दुप्पट, मागे आणि दोन्ही बाजूंना दीडपट. म्हणजे साडेपाच टनांच्या हेलिकॉप्टरला पुढच्या दिशेने साडेसोळा टनांची रोख हवी. साखळी तिरकी लावली की तिची ताकद वेगवेगळ्या दिशांना वाटली जाते. म्हणून साडेचार टनांची साखळी पंचेचाळीस अंशांत लावली तर एका दिशेला तिची तीन टनांच्या आसपासच रोख मिळते. लोडमास्टर हा हिशेब प्रत्येक साखळीसाठी करतो. साखळी अडकवायची तीही हेलिकॉप्टरच्या सांगाड्यावर नेमून दिलेल्या कड्यांनाच. एखाद्या नळीला किंवा पातळ पत्र्याला ताण बसला तर नुकसान उड्डाणात दिसत नाही, पुढे कधीतरी दिसतं. यासोबत तोल साधायचा असतो. सगळा माल मिळून विमानाचा गुरुत्वमध्य ठरलेल्या मर्यादेत आला नाही, तर बांधणी कितीही पक्की असली तरी विमान जागचं हलत नाही.

पोचल्यावर हेच सगळं उलट्या क्रमाने. पाती परत चढतात, प्रत्येक बोल्ट ठरलेल्या जोराने आवळला जातो आणि दुसरा माणूस तो पुन्हा तपासतो. मग पाती एका पातळीत फिरतात का, थरथर किती होते, हे यंत्राने मोजून बारीक दुरुस्त्या करतात. आधी जमिनीवर इंजिन चालवून पाहतात, नंतर थोडं वर उचलून एका जागी स्थिर धरतात आणि शेवटी चाचणी उड्डाण होतं. जुलै २०२२ मध्ये नौदलाची पहिली दोन एमएच-६०आर हेलिकॉप्टरं अमेरिकी सी-१७ मधून कोचीला आली, जुलै २०२५ मध्ये आपल्या लष्कराची पहिली तीन अपाचे रुसलानमधून हिंडनला उतरली. त्या प्रत्येक वेळी बातमी विमान टेकलं तिथे संपली आणि तंत्रज्ञांचं काम तिथून सुरू झालं.

हे सगळं साधलं तरी मोहीम फत्ते होतेच असं नाही. २०१५च्या त्याच भूकंपात ब्रिटनने तीन चिनूक हेलिकॉप्टरं मालवाहू विमानांतून दिल्लीपर्यंत आणली. पण त्यांच्या पंख्यांच्या प्रचंड वाऱ्याने घरांचं आणखी नुकसान होईल या चिंतेने नेपाळने परवानगी दिली नाही आणि ती न वापरताच परत गेली. अमेरिकी मरीन दलाची छोटी ह्यूई हेलिकॉप्टरं मात्र सी-१७ मधून थेट काठमांडूला उतरली आणि कामाला लागली. किती मोठं यंत्र पाठवता येतं, याआधी तिथे कुठलं चालेल, हे विचारावं लागतं.

आता खरी काळजी पुढे आहे. रुसलान पहिल्यांदा उडालं डिसेंबर १९८२ मध्ये. कीव्हच्या अँतोनोव्ह संस्थेने ते घडवलं, आणि कीव्ह व रशियातलं उल्यानोव्स्क इथे मिळून पन्नास-पंचावन्नच विमानं बनली. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्ध पेटलं आणि रुसलानचं आकाराने मोठं भावंड, जगात एकमेव असलेलं एएन-२२५, कीव्हजवळच्या होस्तोमेलच्या तळावर नष्ट झालं. अँतोनोव्हची उरलेली विमानं आता जर्मनीतल्या लायपझिगहून चालतात. रशियन कंपनीच्या रुसलानांना निर्बंधांमुळे पाश्चात्त्य देशांचं आकाश बंद झालं. सी-१७ चं उत्पादन बोइंगने २०१५ मध्ये थांबवलं. आपल्याकडे अशी अकरा आहेत आणि रणगाड्यांपासून मदतसामग्रीपर्यंत मोठा भार त्यांच्यावर आहे. एअरबसने आपल्या फुगीर माथ्याच्या बेलुगा विमानांतून अवजड माल नेण्याचा व्यवसाय सुरू केला. नोव्हेंबर २०२२ मध्ये असं एक बेलुगा मुंबईतही उतरलं होतं. पण जानेवारी २०२५ मध्ये तो व्यवसायही बंद पडला.

थोडक्यात, हेलिकॉप्टरं वाढत आहेत आणि त्यांना दूर नेणारी विमानं म्हातारी होत आहेत. नवी विमानं बनवायला दशकं लागतात, ते एका रात्रीत होणार नाही. पण खोलणारे, बांधणारे आणि पुन्हा जोडणारे हात तयार करणं आपल्या हातात आहे. ज्या दलाकडे असे सरावलेले हात आहेत, ते भाड्याच्या एका विमानातूनही चार हेलिकॉप्टरं थोड्या दिवसांत उडती करू शकतं. ज्याच्याकडे नाहीत, त्याची हेलिकॉप्टरं धावपट्टीशेजारी पेट्यांत पडून राहतील. म्हणून हेलिकॉप्टर खरेदीची चर्चा होते तेव्हा त्याच्या क्षेपणास्त्रांइतकीच चौकशी लोडमास्टरच्या प्रशिक्षणाची आणि तंत्रज्ञांच्या संख्येची व्हायला हवी. अर्थसंकल्पात तो खर्च छोटा दिसेल, पण संकटाच्या ठिकाणी हेलिकॉप्टर वेळेवर उडेल की नाही, हे त्याच खर्चावर ठरतं.