३० इंची की ३४ इंची? बेस गिटार 'वाढत्या अंगाची' का घेऊ नये

गेल्या महिन्यात दिंडोरीहून मामेबहिणीचा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला. सोबत दोन स्क्रीनशॉट होते. दोन्ही बेस गिटार, दोन्हीला चार तारा, रंगही जवळपास सारखाच. एकीखाली लिहिलं होतं ३४ इंच, दुसरीखाली ३० इंच. प्रश्न एका ओळीचा होता, 'ताई, छोटी म्हणजे लहान मुलांची का गं?'

पाठोपाठ मामाचा फोन आला. पोरीला 'बेस' हवाय म्हटल्यावर त्याला आधी वरातीतले डीजेचे बॉक्स आठवले होते. ते वेगळं आणि हे वेगळं, हे समजल्यावर त्याने त्याचा निर्णय सांगून टाकला, "मोठीच घेऊ ना मग. वाढत्या अंगाची. दोन वर्षांनी परत खर्च नको."

शाळेचा गणवेश आणि सायकल घेताना हा हिशेब बरोबर ठरतो. बेस गिटारच्या बाबतीत मात्र तो चुकतो. तो चुकला की काय होतं, हे मी स्वतः भोगलंय. म्हणून हा विषय जरा सविस्तर.

बेस गिटार नेमकं करते काय?

साध्या गिटारला सहा तारा असतात, बेसला बहुतेक वेळा चार. ई, ए, डी आणि जी. गिटारच्या खालच्या चार तारांचेच हे सूर, पण एक सप्तक खाली. सर्वांत जाड ई तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. मोबाइलच्या स्पीकरला एवढा खालचा सूर नीट पेलत नाही, त्यामुळे फोनवर गाणं ऐकताना बेस जवळपास गायबच होतो. इयरफोन लावून एखादं जुनं हिंदी गाणं ऐका. ढोलक-तबल्याच्या खालून चालत जाणारा, गाण्याला धरून ठेवणारा जो जाड सूर ऐकू येतो, तो बहुतेक वेळा बेसचा.

'स्केल' म्हणजे काय?

स्केल म्हणजे गिटारची एकूण लांबी नव्हे. तार मोकळी सोडली की जेवढा भाग कंप पावतो, तेवढी लांबी. वरच्या टोकाला खाचांची पट्टी असते, तिला नट म्हणतात. खालच्या टोकाला ब्रिज, म्हणजे तानपुऱ्यातली घोडी. या दोघांमधलं अंतर म्हणजे स्केल.

फुल-स्केल किंवा लाँग-स्केल बेसमध्ये हे अंतर ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६ सेंटिमीटर असतं. शॉर्ट-स्केलमध्ये ते ३० इंचांच्या आसपास, म्हणजे ७६ सेंटिमीटर. मधली ३२ इंची मीडियम-स्केलही मिळते.

३४ हा आकडा आला कुठून?

त्याआधी बँडमध्ये खालचे सूर वाजवायला डबल बेस असायचा. माणसाच्या उंचीचं, उभं धरून वाजवायचं वाद्य. त्याची तार साधारण ४२ इंचांची. ते वाहून नेणं जिकिरीचं आणि मोठ्या बँडमध्ये ऐकू येणं त्याहून कठीण. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये 'प्रिसिजन बेस' बाजारात आणली. गळ्यात अडकवायची, विजेवर चालणारी आणि पडद्यांची. पडद्यांमुळे सूर नेमका लागतो, म्हणून नाव प्रिसिजन. तिची स्केल ३४ इंच होती. ती खपली आणि ३४ हेच प्रमाण झालं.

पण छोट्या बेसही लगोलग आल्या. गिब्सन कंपनीने १९५३ मध्ये साडेतीस इंची बेस काढली. जर्मनीच्या हॉफनर कंपनीची व्हायोलिनच्या आकाराची ३० इंची बेस १९५६ ची. फेंडरनेही १९६६ मध्ये ३० इंची 'मस्टँग बेस' आणली. म्हणजे शॉर्ट-स्केल हे अलीकडचं खूळ नाही. दोन्ही प्रकार एकाच दशकातले आहेत.

चार इंचांनी असा काय फरक पडतो?

पहिला फरक बोटांना कळतो. गिटारच्या मानेवरचे पडदे स्केलच्या प्रमाणात बसवलेले असतात. ३४ इंची बेसवर पहिल्या ते चौथ्या पडद्यापर्यंतचं अंतर सुमारे १३ सेंटिमीटर भरतं. ३० इंचीवर तेच ११.४ सेंटिमीटर. फरक जेमतेम दीड सेंटिमीटरचा वाटतो, पण तो तर्जनी आणि करंगळी यांच्यामध्ये आहे, आणि तासभराच्या सरावात शेकडो वेळा ताणायचा आहे. शिवाय पहिला पडदा अंगापासून साधारण दहा सेंटिमीटर जवळ येतो, त्यामुळे डावा हात पूर्ण लांब करावा लागत नाही.

दुसरा फरक ताणाचा. तीच तार त्याच सुरात लावायची असेल, तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ३० भागिले ३४, त्याचा वर्ग, उत्तर ०.७८. म्हणजे ताण सुमारे २२ टक्क्यांनी कमी.

हे मी मामाला त्याच्या भाषेत सांगितलं. बेसची एक तार ताणून धरायला साधारण टोमॅटोच्या एका भरलेल्या कॅरेटएवढं, म्हणजे वीसेक किलोचं वजन लागतं. चारी तारा मिळून सुमारे ८० किलो. स्केल ३० इंचांवर आणली की त्याच तारांना ६५ किलोंच्या आत-बाहेर भागतं. चार कॅरेटमधलं जवळपास एक कॅरेट कमी. मामाला ते लगेच पटलं. द्राक्षाच्या मांडवाची तार ताणण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलंय. दोन खांबांतलं अंतर वाढलं की तार ताठ ठेवायला किती जोर लागतो, हे त्याला मी काय सांगणार?

ताण कमी म्हणजे तार दाबायला बोटांचा जोर कमी. नव्याने शिकणाऱ्याची बोटं त्यामुळे उशिरा थकतात.

मग आवाज कमी प्रतीचा असतो का?

नाही. वेगळा असतो.

कमी ताणाच्या, लांबीच्या मानाने जाड तारेत वरचे बारीक सूर थोडे कमी उमटतात आणि मूळ सूर जास्त भरून येतो. आवाज गोल, मऊ आणि घुमणारा होतो. ३४ इंचीचा आवाज अधिक टोकदार आणि स्पष्ट. गर्दीच्या वाद्यमेळात तो उठून दिसतो.

पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ मध्ये हॅम्बर्गमध्ये घेतलेली हॉफनर ही ३० इंचीच होती. बीटल्सची सुरुवातीची गाणी त्या बेसवर वाजली. १९७२ मध्ये ती लंडनमध्ये चोरीला गेली आणि पन्नासहून अधिक वर्षांनी सापडून पुन्हा त्यांच्या हाती आल्याचं फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालं. जगभर जिचा शोध घेतला गेला, ती बेस 'छोटी' होती.

रोलिंग स्टोन्सचे बिल वायमन यांचे हात लहान, म्हणून ते शॉर्ट-स्केल वाजवत. त्यांचं कारण समजण्यासारखं आहे. पण जॅझमधले स्टॅन्ली क्लार्क उंचेपुरे, मुळात डबल बेस वाजवणारे. तरी त्यांची ओळख बनलेली अलेंबिक बेस शॉर्ट-स्केलच, पावणेएकतीस इंचांची. त्यांना मोठी झेपत नव्हती, असं कोणी म्हणणार नाही. त्यांना वेग आणि हाताची मोकळीक हवी होती.

छोटं वाद्य म्हणजे कच्चं वाद्य?

मामाच्या मनात अडकलेला खरा प्रश्न हाच होता. त्याचं उत्तर आपल्याकडेच, मिरजेत आहे.

मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय मिळाल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. तिथले कारागीर पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांचा तानपुरा मोठा आणि बायकांचा त्याहून लहान बनवतात. प्रवासासाठी आणखी लहान तानपुरी असते. गायिकेच्या हातातला तानपुरा पाहून 'हा शिकाऊ तानपुरा दिसतो' असं कुणी म्हणत नाही.

इथे एक फरक मात्र लक्षात ठेवायला हवा. तानपुरा लहान होतो तेव्हा त्याचा सूरही वर जातो. पुरुष गायक काळी एक-दोनच्या आसपास गातो, गायिका बहुतेक काळी चार-पाचला. लहान वाद्य, वरचा सूर, त्यामुळे तार ताठच राहते. बेसमध्ये लांबी घटते, पण सूर तोच ठेवायचा असतो. शॉर्ट-स्केलच्या गुणांचं आणि तिच्या मर्यादांचं मूळ यातच आहे.

मर्यादा कोणत्या?

ताण कमी असल्याने जाड ई तार सैल वाटू शकते. जोरात छेडली की ती पडद्यांवर आपटून खरखरते. जास्त दाबली की सूर किंचित चढतो. म्हणजे डाव्या-उजव्या दोन्ही हातांना संयम लागतो. त्यावर उपाय म्हणून शॉर्ट-स्केलसाठी थोड्या जाड तारा लावतात.

बँडमध्ये तारा मुद्दाम खाली उतरवून वाजवायच्या असतील, किंवा सेकंदाला ३१ कंपनांची बी तार असलेली पाच तारांची बेस हवी असेल, तर ३४ इंची किंवा त्याहून लांब बेस बरी. अंगठ्याने तार आपटून वाजवायच्या 'स्लॅप' शैलीत लागणारी खणखणीत धारही लांब तारेतून सहज निघते.

तारांचा प्रश्न तर अगदी व्यवहाराचा. दुकानात 'बेसचा सेट द्या' म्हटलं की माझ्या हातात तरी कायम ३४ इंचीचाच आला आहे. तो कापून छोट्या बेसला बसवू नका. खुंटीवर गुंडाळायचा तारेचा भाग बारीक केलेला असतो. कापलेल्या तारेत जाड भागच खुंटीवर येतो आणि तिचं वेटोळं सुटू शकतं. पाकिटावर 'शॉर्ट-स्केल' लिहिलेलाच सेट मागवा आणि एक जादा घरात ठेवा.

घेण्याआधी काय तपासावं?

पुठ्ठ्याच्या पट्टीवर चार रेघा मारा. पहिल्या रेघेपासून चौथी रेघ १३ सेंटिमीटरवर. मधल्या दोन रेघा ४.६ आणि ८.९ सेंटिमीटरवर. हे ३४ इंची बेसचे पहिले चार पडदे. दुसऱ्या पट्टीवर ४, ७.८ आणि ११.४ सेंटिमीटरवर रेघा मारा. ही झाली ३० इंची. डाव्या हाताची चार बोटं चार रेघांजवळ ठेवून बघा. मनगट न वाकवता आणि खांदा न उचलता बोटं पोचतात का? हा अंदाजच आहे, पण ऑनलाइन फोटो बघून ठरवण्यापेक्षा बरा.

मानेची रुंदीही बघा. नटपाशी ३८ मिलिमीटर रुंद असलेली ३४ इंची बेस काही हातांना सोयीची पडते, तर ४२-४३ मिलिमीटरची तेवढ्याच लांबीची बेस अवघड. कधी कधी अडचण लांबीची नसतेच, जाडीची असते.

वजन तपासा. फुल-स्केल बेस साधारण चार किलोंची असते. उभं राहून गळ्यात अडकवा, हात सोडा. मान जमिनीकडे झुकत असेल, तर ती सावरण्यातच डावा हात दमेल.

आणि शेवटचं. सराव करताना बोटांच्या टोकांना हुळहुळणं चालतं. मनगटात कळ आली किंवा बोटांना मुंग्या आल्या, तर थांबा. दुखणं टिकलं तर डॉक्टरांना दाखवा.

ही शेवटची गोष्ट मला वेळेवर कुणी सांगितली नव्हती. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला मी कॉलेजच्या बँडसाठी ३४ इंची बेस घेतली. दीड वर्षात मनगट इतकं दुखायला लागलं की जर्नल लिहिताना पेन धरवेना. 'सवयीने हात मोठा होतो,' असं बँडमधल्या एकाने सांगितलं. हात मोठा झाला नाही. मी बेस सोडली आणि आपले हातच या वाद्याचे नाहीत असं मानून गप्प बसले. ताणाचं सूत्र मी त्याच वर्षी परीक्षेत लिहून आले होते. ते स्वतःच्या बेसला लावून बघायचं सुचलं नाही.

मागच्या रविवारी मामा, मामी आणि बहीण नाशिकला आले. दुकानात तिने दोन्ही बेस अर्धा-अर्धा तास वाजवून बघितल्या. मोठीवर तिसऱ्याच मिनिटाला तिचा खांदा वर गेला. छोटीवर ती मान खाली घालून वाजवत बसली आणि आम्ही बाजूला आहोत हे विसरली. मामाने खिशातून मोजायची टेप काढली, दोन्हींची नट ते ब्रिज लांबी स्वतः मोजली आणि म्हणाला, "हीच दे रे."

परतताना ती बेस रात्रभर माझ्या घरी होती. जेवणं झाल्यावर मी ती मांडीवर घेतली. सात वर्षांनी. वीस मिनिटं वाजवली, मग घड्याळ बघून मुद्दाम थांबले. मनगट ठीक होतं.

बहिणीने सांगितलंय, तारांचा जादा सेट मागव. मी दोन मागवलेत.