झाडावरचा तो कागद वाचा

मध्यंतरी आमच्या केंद्रावर एका ताईंचा फोन आला. "आमच्या घरामागच्या वाडीत बंगल्यांची स्कीम येतेय. तिथल्या उंडीच्या झाडाला कसलासा कागद चिकटवलाय. आम्ही काही करायचं असतं का?" आम्ही दुसऱ्या दिवशी जाऊन कागद वाचला. हरकत घ्यायची मुदत संपून दोन दिवस झाले होते. त्याच उंडीच्या सावलीत पाचसहा जणी सुकवलेली मासळी निवडायला बसायच्या. येता-जाता सगळ्यांनी कागद पाहिला होता, वाचला कुणीच नव्हता.

म्हणून आज त्या कागदाबद्दल बोलू.

आधी हे बघायचं, की जागा नगरपरिषदेच्या हद्दीत आहे की ग्रामपंचायतीच्या. शहरासाठी 1975 चा महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम आहे. त्यात जवळपास प्रत्येक झाड येतं आणि जागा स्वतःच्या मालकीची असली तरी परवानगी लागते. गावात 1964 चा वेगळा कायदा आहे. त्याच्या यादीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग, किंजळ, खारफुटी अशी ठरावीक झाडं आहेत आणि परवानगी वन खात्याकडे मागायची असते. त्या यादीत माड नाही, पोफळ नाही, उंडी नाही. म्हणजे एकच माड शहरात कायद्याच्या आड उभा असतो आणि वेशीबाहेर उघडा.

कायदा कशाला झाड म्हणतो, यावर किती अवलंबून असतं ते गोव्याने पाहिलंय. तिथे 2016 साली कायदा बदलून माडाला झाडाच्या व्याख्येतून काढलं. लोकांनी मोठा विरोध केला आणि 2017 मध्ये माड पुन्हा कायद्यात आला.

आता नगरपरिषदेतली रीत. ज्याला झाड तोडायचंय त्याने वृक्ष अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करायचा. अर्जाला जागेची कागदपत्रं, नकाशा आणि झाडांची यादी जोडायची. कुठलं झाड, बुंध्याचा घेर किती, वय अंदाजे किती, का तोडायचंय, हे त्यात हवं. मग अधिकारी स्वतः जागेवर येऊन पाहणी करतात. स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतात आणि तीच नोटीस झाडावर लावतात. हाच तो कागद. कुणाची हरकत असेल तर ती वृक्ष प्राधिकरणापुढे जाते. प्राधिकरण परवानगी देतं, नाकारतं, किंवा अटी घालून देतं. झाड मेलेलं, रोगट किंवा कुणाच्या अंगावर पडेल असं असेल, तर परवानगी सहसा मिळते, आणि ते योग्यच आहे.

2021 साली या कायद्यात एक महत्त्वाची सुधारणा झाली. 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड आता प्राचीन वृक्ष धरलं जातं. ते तोडायचं झालं, तर त्याचं जेवढं वय तेवढी रोपं लावायची. 70 वर्षांच्या झाडामागे 70 रोपं. त्यामुळे यादीतला वयाचा रकाना नीट वाचा. आजीने लावलेलं झाड यादीत 30 वर्षांचं दिसत असेल, तर घरातल्या जाणत्या माणसांचं म्हणणं लिहून द्या.

मुदत बहुधा सात दिवसांची असते, नोटिशीवर तारीख असते. हरकतीला वकील लागत नाही. साध्या कागदावर नोटिशीचा क्रमांक, झाडाचा क्रमांक आणि आपलं कारण लिहायचं. कारण मात्र नेमकं हवं. "झाडं तोडू नका" एवढंच लिहिलं, तर त्यावर कुणाला विचार करता येत नाही. "क्रमांक 4 चं झाड कुंपणाला लागून आहे, इमारतीच्या आड येत नाही" असं लिहिलं, की अधिकाऱ्याला नकाशा उघडावा लागतो. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का मारून पोच घ्या. यादी दाखवत नसतील, तर माहितीच्या अधिकारात मागता येते. पण उत्तराला 30 दिवसांपर्यंत लागू शकतात, म्हणून हरकत आधी द्या.

समुद्राकाठी आणखी एक गोष्ट आहे. झाडाची परवानगी म्हणजे बांधकामाची परवानगी नव्हे. किनाऱ्याजवळच्या बांधकामाला सीआरझेडचे, म्हणजे सागरी किनारा नियमनाचे नियम वेगळे लागतात. ते प्रकरण किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जातं. एक परवानगी दाखवून दुसरीचं काम भागत नाही. आणि खारफुटीला तर हातच लावायचा नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2018 साली राज्यभर कांदळवन तोडायला बंदी केली. सार्वजनिक हिताचं काम असेल, तरी न्यायालयाची परवानगी लागते. खासगी बंगल्यासाठी ती मिळायची नाही. खारफुटी 1000 चौरस मीटरहून जास्त पसरलेली असेल, तर तिच्याभोवतीची 50 मीटर जागाही राखीव असते.

काही जणी म्हणतील, वाडी आमचीच आहे, मुलीचं लग्न काढलंय, विकू नये तर काय करू? विका की! फक्त कोऱ्या अर्जावर सही करू नका. झाडांची यादी बघून, वाचूनच सही करा. कुठली झाडं ठेवायची ते व्यवहार ठरतानाच बोला. नंतर कुणी ऐकत नाही. आणि शेजारणीचा विचार करा. 3 जून 2020 ला निसर्ग वादळात श्रीवर्धन-दिवेआगरकडे आगरंच्या आगरं आडवी झाली, ते आपण विसरलेलो नाही. कडेची झाडं गेली, की वारा थेट पुढच्या आगरात शिरतो.

परवानगीशिवाय करवत चालू झालेली दिसली, तर भांडत बसू नका. फोटो काढा, परवानगीची प्रत मागा आणि लगेच वृक्ष अधिकाऱ्यांना व पोलिसांना कळवा. विनापरवाना तोडीला दंड आहे आणि कैदेचीही तरतूद आहे.

त्या उंडीचं पुढे काय झालं, असं तुम्ही विचाराल. आम्ही उशिरा का होईना अर्ज दिला, पण परवानगी झाली होती. झाड गेलं. मासळीवाल्या आता पत्र्याच्या शेडखाली बसतात. दुपारी तिथे बसवत नाही.

पुढच्या पावसाळ्याआधी त्याच रस्त्यावर दुसरा कागद लागला. तो त्या ताईंनीच पहिल्या दिवशी वाचला आणि आम्हाला कळवलं. नऊ जणींनी सह्या केल्या. फाटक चार हात सरकवलं तर एक चिंच आणि दोन माड वाचतात, एवढंच आम्ही लिहिलं होतं. सुनावणीला तिघी गेलो. बाकीची झाडं गेली, पण चिंच आणि ते दोन माड उभे आहेत.

तुमच्या वाटेवर असा कागद दिसला, तर थांबून आधी तारीख बघा. काही अडलं, तर केंद्रावर फोन करा. अर्ज लिहायला आम्ही बसू तुमच्याबरोबर.