विश्लेषण : संगणकाची घरघर कशामुळे होते? ती कमी कशी करता येते?

घरून काम करणारे, ऑनलाइन शिकवणी घेणारे, आवाजाचे ध्वनिमुद्रण करणारे किंवा घरातले झोपले असताना त्याच खोलीत अभ्यास करणारे अशा अनेकांना टेबलाखालच्या संगणकाची घरघर नकोशी होते. त्यावर उपाय म्हणून एक तर महागडा कूलर आणला जातो, नाही तर पंख्यांची गती सरसकट कमी केली जाते. पहिल्या उपायात पैसे वाया जाण्याची आणि दुसऱ्यात संगणक तापण्याची शक्यता असते. शिवाय काही आवाज ही बिघाडाची पूर्वसूचना असते. ती दाबून टाकली तर वर्षानुवर्षे साठवलेली छायाचित्रे आणि हिशेब गमावण्याची वेळ येऊ शकते. म्हणूनच आवाज कुठून येतो, हे आधी समजून घ्यावे लागते.

संगणक आवाज का करतो?

संगणकाला मिळालेली जवळपास सगळी वीज शेवटी उष्णतेत रूपांतरित होते. साधा डेस्कटॉप प्रोसेसर सुमारे ६५ वॉटचा असतो. म्हणजे पूर्वीच्या ६० वॉटच्या पिवळ्या दिव्यापेक्षा थोडी जास्तच उष्णता अंगठ्याच्या नखाएवढ्या चकतीतून बाहेर काढावी लागते. गेमिंगसाठीचे ग्राफिक्स कार्ड २०० ते ३०० वॉट किंवा त्याहून अधिक वीज घेते. ही उष्णता धातूच्या हीटसिंकमध्ये पसरते आणि पंखा ती हवेबरोबर बाहेर ढकलतो. उष्णता वाढली की पंख्याची गती वाढते आणि गतीबरोबर आवाजही. थोडक्यात, घरघर हे लक्षण आहे. मूळ प्रश्न उष्णतेचा आहे.

मोठा पंखा शांत कसा?

आवाज डेसिबलमध्ये मोजतात, पण त्याची बेरीज साध्या आकड्यांसारखी होत नाही. सारखाच आवाज करणारे दोन पंखे एकत्र लावले तर आवाज दुप्पट डेसिबल होत नाही, केवळ ३ डेसिबलने वाढतो. याउलट पंख्याची गती निम्मी केली तर आवाज साधारण १५ डेसिबलने घटतो. आवाज १० डेसिबलने कमी झाला की तो कानाला जवळपास निम्मा वाटतो. आता गणित मांडून पाहा. वेगाने फिरणाऱ्या एका पंख्याऐवजी निम्म्या गतीचे दोन पंखे लावले तर हवा साधारण तेवढीच वाहते, आवाज मात्र सुमारे १२ डेसिबलने उतरतो. हे कागदावरचे गणित असले तरी दिशा तीच आहे. ८० मिलिमीटरच्या पंख्यापेक्षा १२० किंवा १४० मिलिमीटरचा पंखा कमी गतीत तेवढीच हवा हलवतो, म्हणून तो शांत असतो.

किती आवाज चालेल, याचाही अंदाज बांधता येतो. देशातील ध्वनिप्रदूषणविषयक नियमांनुसार निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने १९९९च्या मार्गदर्शक सूचनांत झोपण्याच्या खोलीत सततच्या आवाजासाठी ३० डेसिबल ही पातळी सुचवली होती. छताचा पंखा सुरू असताना संगणकाची घरघर बरीचशी झाकली जाते. तो बंद केल्यावर किंवा हिवाळ्यात ती अचानक ‘वाढल्यासारखी’ वाटते, ती यामुळेच.

कोणता आवाज कशाचा?

सलग ‘सूंऽऽ’ असा वाऱ्याचा आवाज पंख्याच्या पात्यांचा असतो. खरखर किंवा किरकिर ऐकू येत असेल, विशेषतः संगणक थंड असताना सुरू केल्यावर, तर पंख्याचे बेअरिंग झिजलेले असते. तेल घालून ते काही दिवस गप्प बसेल, पण पंखा बदलणेच योग्य. एकसुरी ‘टकटकटक’ म्हणजे बहुधा एखादी वायर पात्यांना लागते आहे.

कानाला बोचणारी बारीक शीळ पंख्याची नसते. ग्राफिक्स कार्ड किंवा एसएमपीएसमधील कॉइल विजेच्या वेगवान चढउतारांमुळे थरथरतात, त्याचा तो आवाज. गेममध्ये सेकंदाला शेकडो चित्रे दाखवली जात असताना तो वाढतो. चित्रांची संख्या मॉनिटरच्या क्षमतेएवढी मर्यादित केली की बऱ्याचदा कमी होतो. तो त्रासदायक असला तरी धोकादायक नसतो.

खोल घुमणारा आवाज बहुतेकदा हार्ड डिस्कचा. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते. तिची थरथर कॅबिनेटच्या पत्र्यात उतरली की पत्राच स्पीकरसारखा वाजतो. कॅबिनेटवर हाताचा तळवा दाबून धरल्यावर आवाज कमी झाला, तर दोष पत्र्याच्या थरथरीचा आहे हे नक्की. स्क्रू घट्ट करणे, डिस्कखाली रबरी चकत्या लावणे हा त्यावरचा स्वस्त उपाय.

हार्ड डिस्कमधून थांबून थांबून ‘खट्, खट्’ असा आवाज येऊ लागला, तर मात्र बाकी सगळे बाजूला ठेवावे. डिस्क वाचणारी सुई जागेवर पोहोचत नसल्याचे ते लक्षण असू शकते. अशा वेळी पहिले काम एकच : महत्त्वाच्या फायली दुसरीकडे उतरवून घेणे. पंखे, सफाई, नवे कॅबिनेट हे सगळे त्यानंतर.

दोष नेमका शोधायचा कसा?

सुरुवात संगणकाच्या बाहेरून करावी. अनेकदा गुणगुणणारी वस्तू शेजारचा यूपीएस असते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने त्यातील ट्रान्सफॉर्मर १०० हर्ट्झचा घुमणारा सूर काढतो. संगणक बंद असतानाही तो ऐकू येतो, एवढ्यावरून ओळख पटते.

त्यानंतर जाड कागदाची नळी कानाशी धरून कॅबिनेटच्या एकेका भागाजवळ ऐकावे. आवाजाची जागा आश्चर्यकारक अचूकतेने कळते. तरीही शंका राहिली तर संगणक बंद करून, वीजजोड काढून, कॅबिनेटच्या पंख्यांपैकी एकाची वायर काढावी आणि थोडा वेळ चालवून पाहावे. एका वेळी एकच बदल, हा नियम पाळला नाही तर निदान होत नाही. प्रोसेसरच्या पंख्याची वायर मात्र काढू नये.

तिसरी पायरी सफाईची. जाळीवर आणि हीटसिंकच्या पट्ट्यांत साचलेली धूळ हवेची वाट अडवते. ब्लोअर मारताना पाती बोटाने धरून ठेवावीत. जोरदार हवेने पंखा क्षमतेपेक्षा वेगाने फिरला की बेअरिंग खराब होते. एसएमपीएस उघडू नये. वीज काढल्यानंतरही त्यातील कपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युतभार राहू शकतो.

चौथी पायरी तापमानाची. विशेष काम नसतानाही प्रोसेसर खूप तापत असेल तर कूलर नीट बसलेला नाही किंवा थर्मल पेस्ट सुकली आहे, असे समजावे. नव्याने जुळवलेल्या संगणकात हे घडले तर कूलरच्या तळाची पारदर्शक प्लास्टिक पट्टी काढायची राहिली आहे का, ते आधी बघावे. ही चूक फार सर्रास होते.

पंख्यांची गती कमी केली तर?

करता येते, पण तापमानावर लक्ष ठेवून. चार पिनांचा पंखा मदरबोर्डच्या संकेतानुसार गती बदलतो. तीन पिनांच्या पंख्याची गती विजेचा दाब कमी-जास्त करून बदलावी लागते. बायोसमध्ये त्यासाठी आलेख असतो : अमुक तापमानाला तमुक गती. बहुतेकांचा त्रास गतीपेक्षा चढउताराचा असतो. ब्राउजर उघडताच प्रोसेसरचे तापमान क्षणभर उसळते आणि पंखा धावू लागतो. दुसऱ्या क्षणी तो शांत होतो. आलेखात काही सेकंदांची उसंत घातली की हे थांबते. कानाला सलग मंद आवाज खुपत नाही, बदल खुपतो.

इंटेलच्या अनेक डेस्कटॉप प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंश, तर एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतील बहुतेकांची ९५ अंश सेल्सिअस आहे. तेथे पोहोचल्यावर प्रोसेसर आपला वेग कमी करतो. म्हणजे आवाज घालवण्याच्या नादात पैसे मोजून घेतलेली क्षमताच हातची जाते. बराच वेळ चाललेल्या जड कामातही या मर्यादेपेक्षा १५-२० अंश खाली राहता आले, तर गती योग्य आहे असे मानायला हरकत नाही.

नवा संगणक जुळवताना काय पाहावे?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा आपल्या गावच्या विक्रेत्याकडे सुटे भाग घेताना पहिला प्रश्न ‘किती पंखे?’ हा नसावा, ‘किती वॉट?’ हा असावा. जी उष्णता निर्माणच झाली नाही, ती बाहेर काढायला आवाज लागत नाही. कार्यालयीन काम आणि चित्रपटांसाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड सहसा लागत नाही. विंडोजसाठी एसएसडी घेतली तर तिच्यात फिरणारा एकही भाग नसतो.

एसएमपीएसकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. संगणकाला ३०० वॉट लागत असतील आणि एसएमपीएसची कार्यक्षमता ८० टक्के असेल, तर तो भिंतीतून ३७५ वॉट ओढतो आणि ७५ वॉट स्वतःच तापण्यात घालवतो. कार्यक्षमता ९० टक्के असेल तर हा अपव्यय ३३ वॉटवर येतो. म्हणजे त्याच्या पंख्याचे काम निम्म्याहून कमी होते.

कॅबिनेटला पुढे मोकळी जाळी हवी. काचेने किंवा पत्र्याने बंद केलेली पुढची बाजू देखणी दिसते, पण पंख्यांना हवा ओढायला जोर लावावा लागतो. पुढून थंड हवा आत, मागून गरम हवा बाहेर, एवढी सरळ वाट पुरेशी असते. द्रवाने थंड करणारा कूलर म्हणजे शांतता, हाही गैरसमजच. त्याच्या रेडिएटरलाही पंखे असतात आणि पंपाचा सूर वेगळा.

आपल्या हवामानात काय वेगळे?

कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तो फरक कमी करतो, एवढेच. एखाद्या कामात प्रोसेसर खोलीपेक्षा ४५ अंशांनी जास्त तापत असेल, तर २२ अंशांच्या खोलीत तो ६७ वर राहील, पण मे महिन्यात विदर्भातल्या ३८ अंशांच्या खोलीत ८३ वर जाईल. जानेवारीत ठरवलेला गतीचा आलेख म्हणूनच एप्रिलमध्ये पुन्हा तपासावा लागतो. परदेशी चाचण्यांतील आकडेही खोलीचे तापमान पाहूनच वाचावेत.

दुसरी गोष्ट फर्निचरची. कॉम्प्युटर टेबलच्या बंद कप्प्यात सीपीयू ठेवला की मागून निघालेली गरम हवा फिरून पुढून आत येते. कप्प्याची मागची फळी काढली किंवा डबा बाहेर ठेवला, तर एक पैसाही न खर्चता पंखे मंदावतात.

पंखाच नसलेला संगणक शक्य आहे का?

हा प्रयत्न जुना आहे. १९८० मध्ये आलेल्या ‘ॲपल थ्री’मध्ये पंखा नव्हता आणि तापण्याच्या तक्रारींमुळे तो बदनाम झाला. २००० मध्ये आलेला ‘पॉवर मॅक जी-४ क्यूब’ही पंख्याविना, गरम हवा वर जाते या तत्त्वावर चालत असे. त्याचे उत्पादन वर्षभरातच थांबले. २०२० मध्ये ‘एम-वन’ चिप असलेला मॅकबुक एअर मात्र पंख्याविना आला आणि टिकला, कारण त्या चिपला वीजच कमी लागत होती. डेस्कटॉपमध्येही कमी विजेचा प्रोसेसर आणि मोठा हीटसिंक घेऊन हे साधते. जड कामाच्या संगणकात पंखे हवेतच, पण ते मोठे आणि सावकाश फिरणारे असावेत.