घोडे बर्फात रुतले, नायक अवाक्षर बोलला नाही!

स्पॅगेटी वेस्टर्न म्हटलं की आधी ऊन आठवतं. भाजून निघालेली जमीन, घामेजलेले चेहरे, बारीक केलेले डोळे आणि उडणारी धूळ. साठच्या दशकात इटालियन दिग्दर्शकांनी अमेरिकेतल्या काऊबॉयच्या गोष्टी स्पेनमधल्या आल्मेरियाच्या रखरखीत माळावर चित्रित केल्या आणि जगाला वेड लावलं. १९६८ साली सर्जिओ कोर्बुची या पठ्ठ्याने मात्र कॅमेरा उचलला आणि थेट बर्फात नेऊन ठेवला. चित्रपटाचं नाव ‘इल ग्रांदे सिलेन्झिओ’, इंग्रजीत ‘द ग्रेट सायलेन्स’. सुडाची गोष्ट, नायक मुका आणि शेवट असा की निर्मात्यांनाच घाम फुटला.

सर्जिओ लिओनेचं नाव घराघरांत पोचलं, कोर्बुचीचं नाही. या दोघांच्या जोडीला सर्जिओ सोलिमा होता. इटालियन वेस्टर्नचे हे तीन सर्जिओ. त्यांत लिओने सर्वांत भव्य, पण सर्वांत निर्दय कोर्बुचीच, आणि ‘द ग्रेट सायलेन्स’ ही माझ्या मते त्याची सर्वोत्तम कामगिरी.

थंडी, भूक आणि कायदा

कथा घडते १८९८च्या हिवाळ्यात, अमेरिकेतल्या युटामध्ये. स्नो हिल नावाच्या गावाबाहेर, डोंगरात काही फरार माणसं लपून बसलेली आहेत. ती इतकी उपाशी आहेत की नव्या शेरीफला गाठून आधी त्याचा घोडा पळवतात. कशासाठी? खाण्यासाठी! गव्हर्नर लवकरच सगळ्यांना माफी देणार, अशी हवा आहे. म्हणूनच बाउंटी हंटरांची घाई चालली आहे. डोक्यावर इनाम असलेल्या माणसाला ठार मारायचं, प्रेत दाखवायचं आणि रोकड घ्यायची हा त्यांचा धंदा. माफी जाहीर झाली की तो बुडाला.

या चित्रपटातली अंगावर काटा आणणारी गोष्ट हीच, की खलनायक कायद्याच्या बाजूने उभा आहे. क्लाऊस किन्स्कीने रंगवलेला लोको हा मऊ बोलणारा, अदबशीर माणूस आहे. तो प्रेतं बर्फात पुरून ठेवतो आणि सवडीने घोडागाडीच्या टपावर लादून इनाम वसूल करायला नेतो. जे करतो ते सगळं नियमात बसवून करतो. (इटालियन आवृत्तीत त्याचं नाव तिग्रेरो आहे. दोन आवृत्त्या पाहणाऱ्यांचा इथे हमखास गोंधळ होतो.) किन्स्की पुढे वेर्नर हर्त्सोगच्या ‘अगीरे’ आणि ‘फित्सकराल्दो’मुळे जगभर गाजला. त्यातल्या ‘फित्सकराल्दो’त तो जोरजोरात ओरडतो. इथे तो जेमतेम आवाज चढवतो आणि जास्त भीतीदायक वाटतो.

मुका का?

नायकाचं नाव सायलेन्स. लहानपणी त्याच्या डोळ्यांदेखत आईवडिलांना मारलं गेलं आणि त्याने तोंड उघडू नये म्हणून मारेकऱ्यांनी त्याचा गळा चिरला. स्वरयंत्र कायमचं गेलं. मोठा झाल्यावर तो बाउंटी हंटरांनाच टिपत फिरतो.

ही भूमिका केली फ्रान्सच्या ज्याँ-लुई त्रँतिन्यांने. ‘अ मॅन अँड अ वुमन’ या १९६६च्या प्रेमकथेने तो तेव्हा प्रेक्षकांचा लाडका झाला होता. त्याने होकार देताना एकच अट घातली, संवाद पाठ करणार नाही, असा किस्सा सांगतात. दुसरा किस्सा मार्चेल्लो मास्त्रोयानीचा. त्याला वेस्टर्नमध्ये काम करायची हौस होती, पण इंग्रजी येत नव्हतं, आणि त्यावरूनच कोर्बुचीला मुक्या नायकाची कल्पना सुचली म्हणे. खरं काहीही असो, त्या काळच्या इटालियन चित्रपटांत आवाज नंतर डब होत असे आणि सेटवर जो तो आपापल्या भाषेत बोलत असे. अशा कारखान्यात एकही संवाद नसलेला नायक म्हणजे केवढी सोय! पुढच्याच वर्षी, १९६९ साली, त्रँतिन्यांला ‘झी’साठी कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. मिशाएल हानेकेच्या ‘आमूर’मधला म्हातारा नवराही तोच.

हात, हात आणि हात

कोर्बुचीचा हा चित्रपट पाहताना नजर पात्रांच्या चेहऱ्यांवर कमी आणि हातांवर जास्त ठेवा. सगळी गोष्ट तिथे आहे.

सायलेन्सची युक्ती अशी. तो समोरच्याला डिवचतो, आधी त्याला पिस्तूल काढू देतो आणि मगच गोळी घालतो. कायद्याच्या भाषेत तो स्वसंरक्षण करतो. आणि शत्रू शरण आला तर? तर तो त्याचा अंगठा उडवतो! अंगठा गेला की पिस्तूल धरता येत नाही. एकलव्याची कथा ऐकत वाढलेल्या आपल्या प्रेक्षकाला या शिक्षेची धार कुणी वेगळी समजावून सांगायला नको.

लोको मात्र हा डाव पुरता ओळखून असतो. सलूनमधल्या प्रसंगात सायलेन्स त्याला परोपरीने खिजवतो, पण तो काही केल्या पिस्तुलाला हात लावत नाही. उलट कमरेचा पट्टा उतरवून ठेवतो आणि मुठी आवळून अंगावर येतो. वेस्टर्नमधला एवढा ताणलेला, गोळी न सुटणारा सामना मी दुसरा पाहिलेला नाही.

हाताचं हे वेड कोर्बुचीला आधीपासूनच होतं. त्याचा १९६६चा ‘जँगो’ गाजला (ब्रिटनमध्ये हिंसेमुळे तो १९९३पर्यंत प्रमाणपत्रावाचून अडकून पडला होता). त्यातल्या नायकाचे हात शेवटी चिरडले जातात. तरी तो थडग्यावरच्या क्रुसाला पिस्तूल टेकवून सगळ्यांना लोळवतो. नायकाचं नाव घेतलंय जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टवरून. १९२८च्या आगीत डावा हात भाजला, दोन बोटं जायबंदी झाली, तरी हा माणूस गिटारवर चमत्कार करत राहिला.

‘द ग्रेट सायलेन्स’मध्ये नायकाचा हात जळतो. पण इथे क्रूस मदतीला येत नाही.

पिस्तूल भविष्यातलं

बाकीचे सहा गोळ्यांची रिव्हॉल्व्हर घेऊन फिरतात, सायलेन्सकडे मात्र माउझर सी-९६. ९६ म्हणजे १८९६. गोष्टीच्या काळात हे जर्मन हत्यार अगदी ताजं होतं. दहा गोळ्या, आपोआप भरणारी यंत्रणा आणि मागे जोडला की बंदुकीसारखा खांद्याला टेकवता येणारा लाकडी होल्स्टर. त्याच १८९८ साली सुदानमधल्या ओम्दुर्मानच्या लढाईत तरुण विन्स्टन चर्चिलच्या हातात हेच माउझर होतं. ‘स्टार वॉर्स’मधल्या हान सोलोचा ब्लास्टरही याच पिस्तुलावर भाग जोडून तयार केला आहे. इतिहास, वेस्टर्न आणि अंतराळ, तिन्ही ठिकाणी मिरवलेलं दुसरं पिस्तूल सापडणं कठीण.

फेसाचं गाव

डोंगरातली दृश्यं खऱ्या बर्फातली आहेत. इटलीतल्या डोलोमाइट पर्वतरांगेत, कोर्तिना द’आम्पेत्सो परिसरात चित्रण झालं. हेच ते कोर्तिना, जिथे १९५६ साली हिवाळी ऑलिंपिक झालं होतं. घोडे पोटापर्यंत रुततात, माणसं धडपडतात, धावता कुणालाच येत नाही. वेस्टर्नची सगळी ऐट घोड्याच्या टापांत असते, ती इथे बर्फ गिळून टाकतो.

गावातली बरीच दृश्यं मात्र रोमच्या एलिओस स्टुडिओत झाली, जिथे ‘जँगो’चं चिखलाने भरलेलं गाव उभं होतं. तिथे बर्फ आणायचा कुठून? दाढीचा फेस पसरला! आणि वर धुकं सोडलं. हे कळल्यावर चित्रपट पुन्हा पाहिला तरी गारठा कमी होत नाही, हे छायाचित्रकार सिल्वानो इप्पोलितीचं श्रेय.

पॉलिन

नवऱ्याच्या खुनाचा सूड घेण्यासाठी सायलेन्सला पैसे देऊ करणारी विधवा म्हणजे पॉलिन. तिच्या भूमिकेत आहे वोनेटा मॅकगी, सॅन फ्रान्सिस्कोहून इटलीत आलेली तरुण कृष्णवर्णीय अभिनेत्री. हजार डॉलर उभे करायला ती राहतं घर विकायला निघते, आणि गिऱ्हाईक कोण, तर तिच्यावर डोळा ठेवून बसलेला सावकार. सायलेन्स आणि पॉलिन यांचं प्रेम कोर्बुचीने कुठलाही गाजावाजा न करता, अतिशय हळुवारपणे दाखवलंय. इटलीत चित्रपट लागला त्याच नोव्हेंबर १९६८मध्ये अमेरिकन टीव्हीवर ‘स्टार ट्रेक’मधल्या गोऱ्या कॅप्टनने कृष्णवर्णीय सहकारिणीचं चुंबन घेतलं आणि त्याची चर्चा आजही होते. कोर्बुची त्याहून कितीतरी पुढे गेला होता. त्याबद्दल त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही, हे मला खटकतं.

सावधान, शेवट सांगतोय

ज्यांना आधी चित्रपट पाहायचाय त्यांनी हा भाग सोडावा.

सायलेन्स मरतो. पॉलिन मरते. ओलीस ठेवलेल्या उपाशी माणसांची कत्तल होते. लोको सायलेन्सचं माउझर उचलतो आणि इनाम वसूल करायच्या तयारीने निघून जातो. सगळं कायदेशीर! चे गेव्हारा आणि माल्कम एक्स यांच्या हत्यांनी कोर्बुची हादरला होता आणि तो राग इथे उतरला, असं त्याच्या पत्नीने सांगितलंय. चांगला माणूस हरतो ही त्याची कल्पनेतली भीती नव्हती, ती त्या दशकाची बातमी होती.

निर्मात्यांनी दुसरा, गोड शेवट चित्रित करायला लावला. त्यात बर्फाखाली बुडालेला शेरीफ घोड्यावरून अचानक परततो, लोकोला उडवतो, आणि सायलेन्सने जळक्या हातावरच्या पट्टीखाली धातूचा पंजा घातलेला निघतो. पुन्हा हातच! हा शेवट आशिया आणि उत्तर आफ्रिकेच्या बाजारासाठी होता असं म्हणतात. नंतर तिसरा, संदिग्ध शेवटही सापडला.

आपल्याकडे ‘शोले’चं असंच झालं. ठाकूर गब्बरला पायांनी ठार करतो, हा मूळ शेवट आणीबाणीच्या काळात सेन्सॉरने बदलायला लावला. तो परत जोडलेला पूर्ण ‘शोले’ २०२५ साली पुन्हा पडद्यावर आला, तो इटलीतच, बोलोन्यामध्ये. आणखी एक धागा. ‘शोले’तल्या ठाकूर कुटुंबाच्या हत्येच्या प्रसंगावर लिओनेच्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ची छाप आहे. तिथे कुटुंबासह मारला जाणारा बाप झालेला फ्रँक वुल्फ हाच कोर्बुचीच्या चित्रपटातला शेरीफ!

पन्नास वर्षांनी अमेरिकेत

ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सच्या डॅरिल झॅनकने मूळ शेवट पाहिला आणि धक्क्याने तोंडातली सिगार गिळली, असा किस्सा आहे. सिगारचं माहीत नाही, पण अमेरिकेच्या चित्रपटगृहांत ‘द ग्रेट सायलेन्स’ रीतसर झळकायला २०१८ साल उजाडलं. दरम्यान क्वेंटिन टॅरंटिनोने त्याचं ऋण ‘जँगो अनचेन्ड’ आणि ‘द हेटफुल एट’मध्ये उघड उघड मिरवलं. बर्फात अडकलेले बाउंटी हंटर, हा ‘हेटफुल एट’चा पाया. त्याचं संगीत एन्निओ मोरिकोनेचं, म्हणजे ‘द ग्रेट सायलेन्स’च्याच संगीतकाराचं. आयुष्यभर वाट पाहायला लावलेलं स्पर्धेतलं पहिलं ऑस्कर त्याला ८७व्या वर्षी मिळालं, ते ‘हेटफुल एट’साठीच.

मोरिकोनेचं ‘द ग्रेट सायलेन्स’चं संगीत ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’सारखं गर्जत नाही. त्यात शिट्ट्या नाहीत, ललकाऱ्या नाहीत. नायकाला आवाज नाही, त्याच्या वतीने ही दुखरी धून बोलते. चित्रपट मुलांसोबत पाहू नका, इटलीतही तो १८ वर्षांखालच्यांना बंद होता. शक्यतो इटालियन आवृत्ती सबटायटल्ससह पाहा, हेडफोन लावून. आणि आधी मूळ शेवट पाहा, गोड शेवट त्यानंतर.