वाटसरूने पाहिलेला बाजार

औरंगपुऱ्यातून महाविद्यालयात यायचे म्हणजे बाजारातूनच यावे लागते. पहिल्या वर्षी मी खिशावर हात ठेवून चालत असे, कारण गावाहून निघताना वडिलांनी तेवढेच बजावले होते. आज त्याच रस्त्यावरचा एक पुस्तकवाला मला जुनी पुस्तके उधारीवर देतो. बाजार तोच आहे, पाहणारा बदलला. इतिहासाच्या तासाला इब्न बतूताचे प्रवासवर्णन अभ्यासताना हे ध्यानात आले, म्हणून हा लेखप्रपंच.

मोरोक्कोतील टँजिअरचा हा प्रवासी हिंदुकुश ओलांडून १३३३ साली सिंधूकाठी आला. बर्फात उंटांचे पाय रुतू नयेत म्हणून त्यांच्या पुढे लोकरीचे जाड तुकडे अंथरावे लागत, असे तो सांगतो. बल्ख आणि गझनी ही शहरे चंगीझखानाच्या स्वारीला शंभर वर्षे उलटली तरी बरीचशी ओसाडच होती. काबूल मात्र तो थोडक्यात उरकतो. पूर्वीचे हे मोठे शहर आता खेडे झाले आहे, तेथे अफगाण राहतात आणि त्यांतले बहुतेक वाटमारे आहेत, असे त्याचे मत. तेथील बाजाराचे वर्णन तो करीत नाही. पुढे वाटेत अफगाणांशी त्याच्या तांड्याची चकमक झाली होती. भ्यालेल्या माणसाला बाजार दिसत नाही, हे आपण समजू शकतो.

हाच प्रवासी महंमद तुघलकाचा वकील म्हणून चीनला निघाला असता १३४२ च्या सुमारास आपल्या दौलताबादेत आला. येथे त्याची दृष्टी अगदी वेगळी आहे. गाणाऱ्या स्त्रियांचा ‘तरबाबाद’ नावाचा बाजार, प्रत्येक दुकानातून घरात जाणारे दार, दुकानातील गालिचे आणि झोपाळा, मधोमध गायकांच्या प्रमुखाची बैठक, हे सारे तो बारकाईने सांगतो. येथे वर्षातून दोनदा येणारी द्राक्षे आणि डाळिंबेसुद्धा त्याच्या नजरेतून सुटत नाहीत. सरकारी पाहुण्याला शहर मोकळेपणाने दिसले. तरीही त्या झोपाळ्यावरच्या स्त्रीला काय वाटत असेल, हे त्यात नाही.

आता बाबराकडे वळू. त्याने १५०४ साली काबूल घेतले आणि तेथे तो अनेक वर्षे राहिला. त्याच्या आत्मचरित्रातले काबूल म्हणजे गजबजलेली पेठ आहे. हिंदुस्थानातून कापड आणि साखर घेऊन येणारे तांडे, दरवर्षी येणारे सात ते दहा हजार घोडे, अकरा-बारा भाषा! मधल्या काळात शहर बदलले असेलच आणि राज्यकर्त्याची नजर जकातीवरही असणार. परंतु तो तेथे राहिला, हा फरक मोठा आहे.

इब्न बतूताने आपला वृत्तान्त मायदेशी परतल्यावर सांगून लिहवून घेतला. तो १३५५ साली पूर्ण झाला. म्हणजे वाटेतले भय इतक्या वर्षांनंतरही अफगाणांच्या नावावर जमा राहिले. आजही ‘अफगाण’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बंदूक येते. आपल्या घरातल्या फोडणीचा हिंग त्याच मुलखातून येत आला आहे, हे आठवत नाही.

हे मला विशेष बोचते, कारण मी पारधी वस्तीतून आलो आहे. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने सुरुवात करून अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, पण लोकांच्या मनातला शिक्का गेला नाही. वस्तीत कधी न बसलेल्या माणसांनी आमच्याविषयी लिहिले आणि तेच वाचले गेले. आणि असे असूनही औरंगपुऱ्यात पहिल्या दिवशी खिशावर हात माझाच होता!

म्हणून प्रवासवर्णने जरूर वाचावीत. मात्र लिहिणारा तेथे किती दिवस राहिला, कोणाचा पाहुणा होता आणि कशाला भ्याला होता, हे आधी विचारावे. दुसऱ्याविषयी मत देण्यापूर्वी तोच प्रश्न आपण स्वतःलाही विचारला पाहिजे.