पाहुणे फ्लेमिंगो, माणसांचे लोंढे

थंडी सुरू झाली की आपल्याकडच्या पेपरात एक बातमी हमखास येते. भिगवणला, उजनीच्या पाण्यावर फ्लेमिंगो उतरलेले असतात, मस्त फोटो असतो आणि वर मथळा असतो, 'परदेशी पाहुणे दाखल!' आता माणसं पोटासाठी गाव सोडून निघतात तेव्हा काय छापून येतं ते आठवा. तिथे 'लोंढे' असतात. लोंढा कशाचा असतो? पुराचा, चिखलाचा. पाहुण्याला आपण चहा विचारतो, लोंढ्याला बांध घालतो. म्हणजे बातमी वाचायच्या आधीच, नुसत्या मथळ्यावरून, आपण कसं वागायचं हे ठरून गेलेलं असतं.

ही खोड फक्त मराठी पेपरांची नाही, बरं का. ब्रिटनमध्ये तर याची चक्क मोजदाद झाली आहे. लँकेस्टर विद्यापीठातल्या भाषाशास्त्रज्ञांनी १९९६ ते २००५ या काळात ब्रिटिश पेपरांनी निर्वासित आणि स्थलांतरितांविषयी जे छापलं, ते सुमारे १४ कोटी शब्द संगणकावर गोळा केले आणि या माणसांच्या आजूबाजूला कोणते शब्द येतात ते शोधलं. पूर, ओघ, प्रवाह हे पाण्याचे शब्द पुन्हा पुन्हा सापडले. पुढे ऑक्सफर्डच्या 'मायग्रेशन ऑब्झर्व्हेटरी'ने २०१० ते २०१२ मधले २० पेपर घेतले. 'इमिग्रंट' या शब्दाला सगळ्यात जास्त वेळा चिकटलेलं विशेषण निघालं 'इल्लीगल'. आश्रय मागणाऱ्यांना, म्हणजे 'असायलम सीकर'ला चिकटलेलं विशेषण होतं 'फेल्ड'. चटपटीत टॅब्लॉइड असो की चष्मा लावून वाचायचा गंभीर पेपर, 'इल्लीगल' दोन्हीकडे पहिलं. मला तरी हे जास्त धक्कादायक वाटलं. टॅब्लॉइडकडून आपली अपेक्षा तशीही काही नसते.

गंमत म्हणजे (गंमत कसली!) ब्रिटिश पेपर कधीकधी 'इल्लीगल असायलम सीकर' असंही लिहायचे. आश्रय मागणं हा कायद्याने दिलेला हक्क आहे, मग मागणारा बेकायदा कसा? शेवटी तिथल्या प्रेस कम्प्लेंट्स कमिशनला २००३ मध्ये संपादकांसाठी पत्रक काढावं लागलं की, बाबांनो, कायद्यात असा प्राणीच नाही.

पण शब्द घसरत कुठवर जातात? एप्रिल २०१५ मध्ये 'द सन' या खपाच्या पेपरात केटी हॉपकिन्स यांचा कॉलम आला. भूमध्य समुद्रातून बोटींनी येणाऱ्या लोकांना वाचवायला रेस्क्यू बोटी कशाला, मी तर गनबोटी पाठवेन, असा सूर. आणि या लोकांना उपमा कुणाची, तर झुरळांची. कॉलम १७ एप्रिलला छापला गेला. १८ तारखेच्या रात्री लिबियाजवळ एक खच्चून भरलेली बोट बुडाली आणि सुमारे ८०० माणसं गेली. कॉलममुळे बोट बुडाली असं कुणीच म्हणत नाही. पण एका रात्रीच्या अंतराने ते दोन्ही मजकूर शेजारी ठेवून बघा, कसंतरी होतं.

संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे मानवाधिकार उच्चायुक्त झैद राद अल हुसेन यांनी जाहीर आठवण करून दिली की, १९९४ मध्ये रवांडातल्या नरसंहाराच्या आधी रेडिओवरून तुत्सी लोकांना 'झुरळं' हाच शब्द वापरला जात होता. लाखो लोकांनी निषेधाच्या सह्या केल्या. तक्रारी 'इप्सो' या वृत्तपत्रांच्या नियामक संस्थेकडे गेल्या. तिने सांगितलं की, भेदभावाचं आमचं कलम एखाद्या व्यक्तीला संरक्षण देतं, समूहाला नाही. म्हणजे एकाला झुरळ म्हटलं तर चूक, हजारोंना म्हटलं तर नियमात बसतं! तीनच महिन्यांनी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून टीव्हीवर याच लोकांबद्दल बोलताना 'स्वॉर्म' म्हणाले. हा शब्द इंग्रजीत मधमाश्यांच्या मोहोळाला नाहीतर टोळधाडीला वापरतात.

तुम्ही म्हणाल, शब्द बदलून काय होणार आहे? प्रश्न रास्त आहे. नुसता रंग बदलून भिंत बदलत नाही. पण अमेरिकेतल्या असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने एप्रिल २०१३ मध्ये काय केलं ते बघा. तिच्या स्टाइलबुकवर अमेरिकेतले बहुतेक पेपर चालतात. त्यातून 'इल्लीगल इमिग्रंट' काढून टाकलं. नियम साधा आहे : कृतीला बेकायदा म्हणा, माणसाला नको. व्हिसा संपल्यावर राहिला असेल तर तसं लिहा, सीमा चोरून ओलांडली असेल तर तेही लिहा. यात काहीच लपवाछपवी नाही, उलट बातमीदाराला नेमकं काय घडलं ते शोधावं लागतं. आपण लायसन्स नसताना गाडी चालवणाऱ्याला 'बेकायदा माणूस' म्हणतो का? (म्हणत असू तर आपल्या कॉलेजच्या पार्किंगमध्ये फार बेकायदा माणसं सापडतील.)

मराठीत तर आपल्याकडे याहून धारदार शब्द आहे, 'घुसखोर'. त्यातलं 'खोर' जरा बघा. भांडखोर, लाचखोर, चुगलखोर. एकदा घडलेली गोष्ट नाही, माणसाचा स्वभावच. १९९९ मध्ये कारगिलच्या शिखरांवर बंदुका घेऊन बसलेल्यांना आपण घुसखोर म्हटलं, ते बरोबरच होतं. आता तोच शब्द बांधकामावर विटा वाहणाऱ्याला लागतो. आणि लावताना तो नेमका कुठला, हे दर वेळी कुणी तपासतं असं नाही. २०२५ मध्ये महाराष्ट्रातून पकडलेल्या बंगाली बोलणाऱ्या काही भारतीय मजुरांनाच बांगलादेशात ढकललं गेलं आणि मग परत आणावं लागलं. मथळ्याला घाई असते, हे मान्य. दोन कॉलमात 'कागदपत्रांची पडताळणी बाकी असलेले मजूर' बसत नाही, 'घुसखोर' बसतो.

आणि आपलं माणूस बाहेर गेलं की? तेव्हा शब्दकोशच वेगळा. लिओ वराडकर २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झाले. जन्म डब्लिनचा, पण वडील मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. आपल्या पेपरांनी 'सिंधुदुर्गचा सुपुत्र' म्हणून किती कौतुक केलं! कौतुक करावंच. फक्त त्यांचे डॉक्टर वडील १९६०च्या दशकात ब्रिटनला गेले तेव्हा तिथल्या लेखी तेही 'इमिग्रंट'च होते. इंग्रजांचंही तेच. स्पेनच्या किनाऱ्यावर जाऊन राहिलेला ब्रिटिश पेन्शनर त्यांच्या पेपरात 'एक्सपॅट' असतो, स्थलांतरित कधीच नाही.

आता थोडं तुमच्याबद्दल. तुमच्यापैकी कितीतरी जण मास्टर्ससाठी बाहेर जायची तयारी करताय, आयईएल्टीएसचे क्लास चालू आहेत. ब्रिटनमध्ये वर्षभर किंवा जास्त राहणारा परदेशी विद्यार्थी 'नेट मायग्रेशन'च्या आकड्यात धरला जातो. जून २०२३ पर्यंतच्या वर्षात हा आकडा नऊ लाखांवर गेला होता आणि बाहेरून आलेल्यांमध्ये युरोपीय संघाबाहेरचा सगळ्यात मोठा गट भारतीयांचा होता. अशा वाढत्या आकड्यांवरून गदारोळ झाला आणि जानेवारी २०२४ पासून बहुतेक विद्यार्थ्यांना जोडीदाराला सोबत नेणं बंद झालं.

म्हणजे तुमच्या वर्गातला जो सप्टेंबरमध्ये लंडनचं विमान पकडेल, त्याचा फोटो गावच्या चौकात फ्लेक्सवर झळकेल : 'उच्च शिक्षणासाठी परदेशगमन, हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक : समस्त मित्र परिवार'. आणि पुढच्या वर्षी तिकडच्या एखाद्या पेपरच्या पहिल्या पानावर, फोटोशिवाय आणि नावाशिवाय, तो पुन्हा छापून येईल. लोंढ्यातला एक म्हणून.